डावा कप्पा

तिचं घरातलं नाव रेघू. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तेवढ्यापुरतंच वापरात यायचं. उभं राहता यायला लागल्यापासून खडू, कोळसा, आईची लिपस्टिक, जे हाताला लागेल त्याने ती भिंतीवर रेघा ओढत सुटायची. बाबांनी दोनदा भिंत रंगवली, तिसऱ्यांदा हात टेकले आणि पोरीचं बारसं नव्याने केलं.

बाबा पेंटर. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, शाळेच्या भिंतीवरची अक्षरं, असलं सगळं काम. आई तपासणीच्या लॅबमध्ये. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजायची. जगात नवराबायको एकमेकांच्या कामाला नावं ठेवतात, या घरात उलटाच प्रकार होता. दोघांनाही आपलं काम पोरीच्या वाट्याला नको होतं आणि दुसऱ्याचं मात्र फार थोर वाटायचं.

"रेघू विज्ञान शिकेल," बाबा जेवताना जाहीर करायचे. "पंख्याखाली खुर्चीवर बसून काम करेल. माझ्यासारखी उन्हात शिडीवर लटकणार नाही."

"आणि जन्मभर दुसऱ्यांच्या लघव्या तपासत बसेल?" आई म्हणायची. "तिच्या हातात कला आहे. तिला चित्रच काढू द्या."

"कला! माझ्या कमरेला विचार कलेचं काय ते."

"माझ्या डोळ्यांना विचारा मग विज्ञानाचं!"

रेघू मधे बसून दोघांकडे आळीपाळीने बघायची आणि ताटातल्या आमटीत बोटाने पेशी काढायची. तिला दोन्ही हवं होतं. सुट्टीच्या दिवशी आईच्या लॅबमध्ये ती सूक्ष्मदर्शकात डोकावून तासन् तास बसे आणि दिसेल ते टाकाऊ कागदांच्या पाठीवर काढे. पण बाहेरच्या जगाला हे असलं दोन्हीकडचं चालत नव्हतं. कॉलेजात जीवशास्त्राचे सर म्हणायचे, "अगं, चित्र नको, आकृती काढ. सावल्या कशाला देतेस?" संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गात बाई म्हणायच्या, "इतकं मोजूनमापून काय काढतेस, जरा मोकळी हो की." सकाळी सावल्यांसाठी बोलणी खायची आणि संध्याकाळी मोजमापासाठी. आपण धड इकडच्या नाही आणि धड तिकडच्याही नाही, असं तिला वाटायला लागलं होतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना समजावून सांगायला एका कागदावर भराभर काहीतरी खरडलं. बाबांनी तो कागद सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा बटाटा तिच्या पोटात आहे?"

"बटाटा नाही हो, ते यकृत आहे. ते सगळ्यांनाच असतं."

"मलापण?"

आई खाटेवरून एवढी हसली की तिला कळ आली. पण बाबा हसले नाहीत. रेघूने मग डॉक्टरीणबाईंना चार प्रश्न विचारले, तो कागद मागून घेतला आणि बाकावर बसून नीट चित्र काढलं. यकृत, त्याच्या खाली लपलेली ती छोटी पिशवी, त्यातले खडे, आणि बारीक कात्री नेमकी कुठे चालणार ती जागा. बाबांनी चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग श्वास सोडून ते म्हणाले, "एवढंच होय? मग करा की."

डॉक्टरीणबाई ते चित्र हातात घेऊन उभ्या होत्या. "तू हेच शिकतेस का?"

"काय हेच?"

"हे. वैद्यकीय चित्रकला. पुस्तकांसाठी, ऑपरेशनसाठी, पेशंटना समजावण्यासाठी शरीराची चित्रं काढतात ती माणसं. तुला माहीत नाही?"

रेघूला खरोखरच माहीत नव्हतं. असं एक काम जगात आहे, त्याला नाव आहे, ते शिकवणारी जागा आहे आणि तिथे सावल्याही लागतात आणि मापंही, हे ऐकून तिच्या अंगावर काटा आला. घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा आईबाबा पहिल्यांदाच एका सुरात बोलले. "म्हणजे मीच बरोबर होतो," असं बाबा म्हणाले आणि त्याच क्षणी आईही तेच म्हणाली.

शिक्षण संपवून रेघू लहान मुलांच्या हृदयाच्या हॉस्पिटलात लागली. तिला मिळालेली खोली एक्स-रे विभागाच्या शेजारी, लांबुळकी, उत्तरेकडे एकच खिडकी. टेबलावर पेन्सिली, रंग, एक मोठा स्क्रीन. भिंतीलगतच्या कपाटात काचेच्या बरण्या, आणि बरण्यांमध्ये जतन केलेली हृदयं. काही अक्रोडाएवढी, काही त्याहून लहान. पहिल्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही. नंतर ती त्या कपाटाला टेकून डबा खायला लागली.

काम असं होतं. एखादं मूल वाकडंतिकडं हृदय घेऊन जन्माला आलं, की ती सगळे फोटो, सगळ्या चाचण्या बघून त्या मुलाच्या हृदयाचं चित्र काढायची. एक ऑपरेशन करणाऱ्यांसाठी, केसभरही चूक न चालणारं. दुसरं आईबापांसाठी, साधं, लाल आणि निळ्या रंगात. "वर दोन कप्पे, खाली दोन कप्पे," ती सांगायची, "आणि ही मधली भिंत. तुमच्या बाळाच्या या भिंतीला इथे भोक आहे. आपण ते बुजवणार." आईबाप चित्रावर बोट ठेवायचे. कळलं की रडणं जरा थांबायचं, निदान प्रश्न तरी सुचायचे. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर कमी बोलणारे गृहस्थ. पण ते ऑपरेशन थिएटरमध्ये रेघूचं चित्र समोर चिकटवल्याशिवाय हात धुवायला जात नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिला हे काम मनापासून आवडायचं. फारच आवडायचं, असंही म्हणता येईल. एखादं दुर्मीळ हृदय आलं की तिचे डोळे लकाकायचे. त्यातलं एक तिला सगळ्यांत अवघड वाटायचं. डावीकडचा खालचा कप्पा, जो सगळ्या अंगाला रक्त पुरवतो, तोच वाढलेला नसतो. त्याच्या जागी नुसती फट. महाधमनी दोऱ्यासारखी बारीक. ते चित्र तिने महिनाभर खपून काढलं होतं. ते पुस्तकात छापून आलं आणि हॉस्पिटलने त्याची मोठी प्रत करून सोनोग्राफीच्या खोलीत लावली. बाबा खास ते बघायला आले. रंगाच्या डागांनी भरलेले हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "कड काय मारली आहेस गं! मला नाही जमणार अशी."

रेघूचा नवरा बेकरीवाला. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर त्याची बेकरी, तिथेच ओळख झाली. उंच, पिठाने कायम पांढऱ्या झालेल्या भुवया, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. "तू दिवसभर फाटलेली हृदयं बघतेस, मी दिवसभर फुगलेले पाव बघतो. जमेल आपलं," असं म्हणून त्याने मागणी घातली होती. बाबा त्याला जावईबापू म्हणायचे आणि त्याच्या बेकरीची पाटी त्यांनी स्वतः, कंबरेची तक्रार न करता, दोनदा रंगवून दिली.

लग्नानंतर काही वर्षांनी रेघूला दिवस गेले. नवऱ्याने त्या दिवशी जे गिऱ्हाईक येईल त्याच्या पिशवीत एक पाव जास्त टाकला. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करायची होती ती तिच्याच हॉस्पिटलात. तपासणारी ताई रोजची, चहाला बरोबर जाणारी. नवरा शेजारी स्टुलावर बसला होता, आणि रेघू आडवी झाली होती ती भिंतीवरच्या आपल्याच चित्राच्या खाली.

ताई आधी खूप बोलत होती. डोकं छान आहे, पाठीचा कणा बघ कसा मण्यांसारखा, हा हात. नवरा स्टुलावरून अर्धा उठला. "हलवतंय! रेघू, बघ, हात हलवतंय आपल्याला!"

मग ताई बोलायची थांबली.

ती यंत्राची दांडी एकाच जागी फिरवत राहिली. जरा दाबून, जरा तिरकी करून, पुन्हा तिथेच. रेघूने मान वळवली. पडद्यावर राखाडी ठिपक्यांमध्ये इवलंसं हृदय धडधडत होतं. बघायला तिला एक क्षण पुरला. उजवा कप्पा गोल, टपोरा. डावीकडे फट.

"मी सरांना बोलावते," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"बोलाव. पण मला दिसलं."

"काय दिसलं?" नवरा अजून हसत होता. "मलापण दाखव ना. काय दिसलं?"

रोज अनोळखी आईबापांना जे सांगायची, ते नवऱ्याला सांगताना तिला एक शब्दही सुचेना. मोठे डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, तिच्याऐवजी तेच बोलले. पण ते वैद्यकीय भाषेत बोलले आणि नवरा नुसता मान डोलवत राहिला. बाहेर पडल्यावर दोघं बेकरीपर्यंत चालत आली. दुपारची वेळ होती, भट्टी थंड होती. त्याने शटर अर्ध्यावर ओढलं.

"मला काही कळलं नाही," तो म्हणाला. "तू सगळ्यांना काढून दाखवतेस. मला दाखव."

कागद शोधायचंही त्राण तिच्यात नव्हतं. कणीक मळायच्या टेबलावर पीठ पसरलं होतं, त्यातच तिने बोटाने काढलं. वर दोन कप्पे. खाली उजवा कप्पा. मधली भिंत. आणि डावीकडे एक बारीक रेघ.

"आणि हा कप्पा?"

"तो नाहीये."

"नाहीये म्हणजे? छोटा आहे?"

"नाही म्हणजे नाही. ही फट आहे ना, तेवढाच."

त्याने वाकून पाहिलं. मग आपला जाडजूड अंगठा त्या फटीवर ठेवला आणि हळूहळू, पीठ बाजूला सारत, ती फट रुंद करत नेली, दुसऱ्या कप्प्याएवढी होईपर्यंत. "असं करता येत नाही?" त्याने विचारलं.



पोटात होतं तोवर बाळाला काही त्रास नव्हता. नाळेतून सगळं मिळत होतं, ते लाथा मारत होतं, रेघूने गोड खाल्लं की उड्या मारत होतं. धोका होता तो जन्मल्यावर. असल्या हृदयावर टप्प्याटप्प्याने ऑपरेशनं करतात आणि काही मुलं जगतात, शाळेत जातात. रेघूने स्वतः अशा मुलांची चित्रं काढली होती. पण या बाळाच्या हृदयात आणखी एक अडचण होती. वरच्या दोन कप्प्यांमध्ये रक्ताला जी पळवाट लागते, ती जवळजवळ बंद होती. मोठ्या डॉक्टरांनी आशा आहे असं सांगितलं, किती आहे ते सांगितलं नाही. रेघूने विचारलं नाही, कारण तिला ते माहीत होतं. नवऱ्याने विचारलं नाही, कारण त्याला 'आशा' हा शब्द पुरेसा होता. तो पाळणा घेऊन आला. तिने पाळण्याकडे पाठ करून झोपायला सुरुवात केली.

ऑपरेशनचा बेत ठरायला लागला तेव्हा मोठे डॉक्टर तिच्या खोलीत आले. दारातच उभे राहिले.

"यावेळी चित्र नको. मी फोटोंवर भागवतो."

"का?"

"का म्हणजे? तुला..."

"सर, तुम्ही चित्राशिवाय कधी हात लावला आहे का?"

त्यांनी टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं.

"मग माझ्याच मुलाला का?"

तिने चित्र काढायला घेतलं. वाटलं होतं, हात थरथरेल. थरथरला नाही. पेन्सिल नेहमीसारखी चालली, मापं नेहमीसारखी जुळली. बारीक महाधमनीचं वळण तर असं काही उतरलं की ती जरा मागे सरकून, डोकं तिरकं करून, ते न्याहाळायला लागली. छान आलंय, असं तिच्या मनात आलं. अगदी नेहमीच्या सवयीने आलं. आणि मग आपण काय बघतोय हे तिच्या ध्यानात आलं. शेजारच्या एक्स-रे विभागातली माणसं धावत आली, ती तिचा आवाज ऐकून. पोटाशी पेन्सिल घट्ट धरून ती ओरडत होती आणि कोणालाही जवळ येऊ देत नव्हती.

चित्र मात्र निर्दोष होतं. त्यात काहीच बदलावं लागलं नाही.

मुलगी झाली. जन्मतः रडली, आणि ते रडणं ऐकून बाहेर बाबांनी आईचा हात धरला. रेघूला नीट दिसायच्या आत तिला उचलून नेलं, नवरा तिच्या मागोमाग गेला. नवऱ्याने तिला पिटुकली म्हटलं, तेच नाव राहिलं. त्याच दिवशी तिच्या हृदयातली पळवाट नळीतून सोडलेल्या बारीक फुग्याने उघडली आणि नंतर मोठं ऑपरेशन झालं. मोठे डॉक्टर थिएटरमधून बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. "चित्राप्रमाणे झालं सगळं," ते म्हणाले. खरंच झालं होतं. अतिदक्षता विभागात पिटुकली नळ्यांच्या जाळ्यात पडून राहिली. तोंडाला चिकटपट्ट्या, नाकात नळी, छातीवर पट्टी. रेघू एका बाजूला उभी राहायची, नवरा दुसऱ्या. तो बाळाकडे बघत बडबडत असे. आज पाव करपले, आज तुझे आजोबा शिडीवरून उतरताना धडपडले, तू बाहेर आलीस की तुला भट्टीची ऊब दाखवतो. रेघूची नजर वरच्या पडद्यावर. आकडे, हिरव्या रेषा, प्राणवायू किती, दाब किती. ते सगळं तिला वाचता येत होतं. आकडे खाली यायला लागले, तेव्हा नर्सच्याही आधी तिला कळलं.

पिटुकली गेली ती सकाळी, बाहेर सफाईवाले जिना पुसत असताना. नळ्या काढून तिला रेघूच्या मांडीवर दिलं तेव्हा रेघूने डोळे मिटून घेतले होते आणि ते उघडायला ती तयार नव्हती. नवऱ्याने मुलीला तिच्याकडून घेतलं. मग त्याच्याकडेच ती बराच वेळ होती.

बाहेरच्या बाकावर आई आणि बाबा बसले होते. आई म्हणाली, "माझंच चुकलं. मी आपल्या नादात हिला सूक्ष्मदर्शक दाखवला. तिला हे विज्ञान कळलं नसतं, तर निदान मधले चार महिने तरी सुखात गेले असते पोरीचे."

"नाही गं," बाबा म्हणाले, "ब्रश मी दिला तिच्या हातात."

या वेळी मात्र कोणाचं बरोबर, यावर त्यांचं भांडण झालं नाही. बाबांनी खिशातून रुमाल काढला. त्यावर निळ्या रंगाचे डाग होते. तो त्यांनी आईला दिला.

रेघू कामावर गेली नाही. काही दिवस अंथरुणात पडून राहिली, मग बाबांच्या दुकानात जाऊन बसायला लागली, मग तिने आपण होऊन ब्रश उचलला. 'येथे गाडी लावू नये.' 'दुरुस्तीचे काम चालू आहे.' 'कृपया रांगेत या.' अक्षरांना आत काही नसतं. उघडून बघायला गेलं तर खाली नुसता पत्रा. तिला ते बरं वाटायचं. तिच्या अक्षरांच्या कडांवरून पुन्हा एकदा हात फिरवायची गरज पडत नाही, हे बाबांना दिसत होतं.

घरी नवरा पिटुकलीबद्दल बोलायला बघे आणि रेघू उठून दुसऱ्या खोलीत जाई. त्याच्या बडबडीला पहिल्यांदाच ऐकणारं कोणी नव्हतं. हळूहळू तो गप्प झाला. गिऱ्हाइकांशीही तो 'किती देऊ' आणि 'सुट्टे आहेत का' यापलीकडे बोलेना.

पावसाळा संपल्यावर एकदा ती हॉस्पिटलात गेली. खोली तशीच होती, टेबलावर धूळ नव्हती, म्हणजे कोणीतरी रोज पुसत होतं. मोठे डॉक्टर आले आणि या वेळी आत येऊन खुर्चीवर बसले.

"तुझी जागा कोणाला दिलेली नाही," ते म्हणाले. "घाई नाही. हाताची सवय मोडली असेल तर थांबू."

"सवय मोडलेली नाही, सर. येतं मला अजून. त्या दिवशीही येत होतं." ती कपाटातल्या बरण्यांकडे बघत होती. "म्हणूनच नको."

त्यांनी विचारलं नाही, म्हणजे काय. बहुतेक त्यांना कळलं. ज्या माणसाला आपल्या हातांचा भरवसा असतो, त्याला त्याच हातांची भीतीही ठाऊक असते. ते उठले, तिच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि निघून गेले.

पुढे आईनेच कुठूनतरी शोधून काढलं की वनस्पतींच्या संशोधन संस्थेत बिया आणि पानांची चित्रं काढणारं माणूस हवं आहे. तिथेही भिंग होतं, मापं होती, सावल्या होत्या. रेघू गेली. पहिल्या दिवशी तिच्यासमोर एक बी ठेवलं, तपकिरी, एका बाजूला चपटं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. त्याची वाट बघत कोणी बाहेर बाकावर बसलेलं नव्हतं. तिने पेन्सिल उचलली. पूर्वीसारखी लकाकी डोळ्यांत आली नाही, नंतरही कधी आली नाही, पण चित्र झालं. दुसऱ्या दिवशी दुसरं झालं. तिने काम निवडलं असं म्हणण्यापेक्षा ती त्या कामाच्या सावलीत जाऊन बसली, असं म्हणणं खरं ठरेल.

एका सुट्टीच्या दिवशी नवरा तिच्यासमोर येऊन बसला. हातात कोरा कागद होता.

"एक मागू?"

"काय?"

"तिचा चेहरा काढून दे. नळ्यांशिवाय."

त्यांच्याकडे पिटुकलीचे चार फोटो होते आणि चारही फोटोंत चेहरा पट्ट्यांनी झाकलेला होता. रेघूने कागद घेतला. त्यावर पेन्सिल टेकवली. मग तिच्या लक्षात आलं. पिटुकलीचं हृदय तिला डोळे मिटून काढता आलं असतं, प्रत्येक शीर, प्रत्येक वळण. चेहरा आठवत नव्हता. तिने तो पाहिलाच नव्हता. ती आकडे बघत होती. आणि ज्या एका वेळी तिच्यासमोर चेहरा मोकळा होता, त्या वेळी तिने डोळे मिटले होते.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"तुला? काहीतरीच काय."

"मी बघितलं नाही रे तिला." "मी तिच्या आतलं सगळं बघितलं आणि तिलाच बघितलं नाही. आई होते मी. मला माझ्या मुलीचं नाक कसं होतं ते माहीत नाही."

इतक्या महिन्यांत ती नवऱ्यासमोर पहिल्यांदा रडली. तो घाबरला नाही, समजूत घालायलाही गेला नाही. ती जरा शांत झाल्यावर त्याने खुर्ची जवळ ओढली.

"मी बघितलंय," तो म्हणाला. "मी फक्त तेच बघत होतो. मी सांगतो, तू काढ."

"तुला काय सांगता येणार? तुला साधा गोल काढता येत नाही."

"सांगता येतो ना." तिला ओळखीचा, पूर्वीचा बडबड्या सूर त्याच्या आवाजात अगदी बारीक ऐकू आला. "नाक तुझ्या बाबांचं. पुढे जरा बसकं. कपाळ मोठं, आणि डाव्या भुवईत मधेच केस नव्हते, एवढीशी जागा रिकामी. माझ्या आईला तसंच होतं."

ती काढत गेली. तो सांगत गेला. गाल अजून भरलेले. नाही, इतके नाही. पापण्या लांब होत्या, सरळ, वळलेल्या नव्हत्या. हनुवटीवर खळी होती, पण रडली तरच दिसायची, आणि ती एकदाच रडली. त्याला कुठेकुठे शब्द सापडत नसत, तेव्हा तो तिच्या गालावर बोट ठेवून दाखवत असे, इथून इथे, असं उतरत होतं.

पहिला चेहरा कोणाचाच नव्हता. दुसऱ्याकडे पाहून त्याने नकारार्थी मान हलवली. तिसरा काढताना दिवस कलला, तिने खुर्ची खिडकीकडे सरकवली. तो पाणी घेऊन आला आणि तिच्या खांद्यावरून वाकून पाहायला लागला.

"डोळे झाले," तो म्हणाला. "डोळे तिचेच आहेत. ओठ असे नव्हते."

रेघूने रबर उचलला आणि ओठ पुसले.

"मग कसे होते?"